एका सेलवर नेमके किती ग्राहक बसतात?

प्रश्न थोडक्यात असा: एका सेलवर (टॉवरवरचा एक अँटेनासंच जेवढा भाग सांभाळतो त्यावर) २० मेगाहर्ट्झचा एलटीई, म्हणजे ४जीचा, कॅरियर (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आहे, दोन बाय दोन अँटेना (टॉवरला दोन, फोनला दोन). कमाल वेग १५० एमबीपीएस. प्रत्येकाला निदान २ एमबीपीएस मिळावेत असं धरून तुम्ही १५० ला २ ने भागलंत आणि ७५ ग्राहक काढलेत. उपकरणाच्या माहितीपत्रकात ‘सेलमागे १२०० कनेक्टेड युजर’ असं छापलंय. आणि ऑफिसातले ज्येष्ठ म्हणतात, ‘सेलमागे ३००० धर, आम्ही तेच धरत आलोय.’ तिघांपैकी बरोबर कोण?

तिघेही वेगवेगळी गोष्ट मोजताहेत, म्हणून आकड्यांचा मेळ बसत नाही. ७५ मध्ये प्रत्येक ग्राहक पूर्ण वेळ डाउनलोड करत बसलाय आणि टॉवरच्या अगदी पुढ्यात उभा आहे असं धरलंय. १२०० ही उपकरणाच्या मेमरीची आणि प्रोसेसरची मर्यादा आहे. ३००० हा कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी वापराला धरून काढलेला आकडा आहे. ते गृहीतक विसरलं गेलं आणि आकडा तेवढा मागे राहिला. खाली गणित करू तेव्हा तो कुठून आला असावा तेही दिसेल.

सेलकडे वाटायला एकच माल असतो, तो म्हणजे रेडिओचा वेळ. जीएसएममध्ये (जुन्या २जी तंत्रात) तो टाइमस्लॉटच्या, म्हणजे वेळेच्या ठरलेल्या तुकड्यांच्या, रूपात असतो. एलटीईत पीआरबी नावाच्या १८० किलोहर्ट्झ रुंदीच्या तुकड्यांच्या रूपात असतो; २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरमध्ये असे १०० तुकडे, आणि दर मिलिसेकंदाला त्यांचं नव्याने वाटप. म्हणजे सेकंदाला १ लाख तुकडे. त्यातले एक ग्राहक गर्दीच्या तासात सरासरी किती खातो, हे कळलं की ग्राहकसंख्या हा नुसता भागाकार उरतो. सगळी मेहनत तो ‘किती खातो’ शोधण्यात आहे.

आधी आवाजाच्या कॉलपासून सुरुवात करतो. आज डेटाचं राज्य असलं तरी विचाराची पद्धत तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसते, आणि डेटाचं गणित मांडताना तीच पुन्हा उपयोगी पडते.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र आपण आजही वापरतो. त्यांचा प्रश्न साधा होता: एक्स्चेंजमध्ये इतक्या लाइन आहेत, कॉल कधीही येतात, सगळ्या लाइन भरलेल्या असताना आलेला कॉल परत जातो, तर किती टक्के कॉल परत जातील? ट्रॅफिकच्या एककाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. एक चॅनल (एका कॉलपुरती लाइन) तासभर सतत भरलेला असेल तर तो १ अर्लांग. एखादा ग्राहक गर्दीच्या तासात एकूण ९० सेकंद बोलत असेल तर ९० भागिले ३६००, म्हणजे ०.०२५ अर्लांग. आपल्या बोलीत २५ मिलिअर्लांग.

सूत्र पाहून घाबरायचं कारण नाही, कारण ते एकेक पायरी चढत हातानेही सोडवता येतं. समजा २ अर्लांग ट्रॅफिक येतंय. चॅनल शून्य असतील तर सगळेच कॉल परत जाणार, म्हणून सुरुवात १ पासून. पुढच्या प्रत्येक पायरीला आधीच्या उत्तराला ट्रॅफिकने गुणायचं, आणि त्या गुणाकाराला ‘चॅनलची संख्या अधिक तोच गुणाकार’ याने भागायचं. एक चॅनल: २ भागिले ३, म्हणजे ०.६६७. दोन चॅनल: १.३३ भागिले ३.३३, म्हणजे ०.४. तीन: ०.२११. चार: ०.०९५. पाच: ०.०३७. सहा: ०.०१२. ब्लॉकिंग, म्हणजे परत जाणाऱ्या कॉलचं प्रमाण, २ टक्क्यांच्या आत हवं असेल तर २ अर्लांगसाठी ६ चॅनल लागले. सरासरी दोनच भरलेले असतात, पण सहा ठेवावे लागतात. तुम्ही हे एकदा कागदावर स्वतः करा. तक्त्यातून उत्तर उचलणाऱ्याला ही चार चॅनलची ‘उधळपट्टी’ का करावी लागते ते अंगात भिनत नाही.

या सूत्राचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. कॉल किती लांबीचे आहेत, सगळे दीड मिनिटाचे की काही पाच सेकंदांचे आणि काही वीस मिनिटांचे, याने उत्तर बदलत नाही. फक्त सरासरी लागते. म्हणूनच १९१७ चं सूत्र मोबाइलवर जसंच्या तसं चाललं.

जीएसएमच्या एका कॅरियरमध्ये ८ टाइमस्लॉट. एकच कॅरियर असेल तर त्यातला एक स्लॉट प्रसारणाला आणि सिग्नलिंगला जातो, बोलायला ७ उरतात. २ टक्के ब्लॉकिंगला ७ चॅनल २.९४ अर्लांग पेलतात, म्हणजे २५ मिलिअर्लांगवाले ११७ ग्राहक. दोन कॅरियर लावले, १४ चॅनल मिळाले, तर ८.२ अर्लांग, म्हणजे ३२८ ग्राहक. चॅनल दुप्पट झाले, ग्राहक पावणेतीनपट. चार कॅरियर, २९ चॅनल: २१ अर्लांग, ८४० च्या आसपास ग्राहक. सात चॅनलच्या सेलमध्ये चॅनल सरासरी ४२ टक्के भरलेला असतो, २९ च्या सेलमध्ये ७२ टक्के. गट मोठा झाला की गर्दीचे चढउतार एकमेकांना सावरून घेतात.

याचीच उलटी बाजू सेक्टर पाडताना, म्हणजे टॉवरभोवतीचा भाग दिशांनुसार वेगळ्या सेलमध्ये वाटताना, दिसते. ४२ चॅनल एकाच सेलमध्ये ठेवले तर ते ३२.८ अर्लांग पेलतात. तेच तीन सेक्टरांत १४-१४-१४ असे वाटले तर तीन वेळा ८.२, म्हणजे २४.६. पाव क्षमता गेली. मग सेक्टर का पाडायचे? कारण दिशा बांधलेल्या अँटेनामुळे शेजाऱ्यांचा व्यत्यय कमी होतो आणि तीच फ्रिक्वेन्सी जवळच्या साईटवर पुन्हा वापरता येते. समान फ्रिक्वेन्सीच्या दोन सेलमधलं अंतर भागिले सेलची त्रिज्या, हे गुणोत्तर गटातल्या (ज्यात एकही फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरत नाहीत अशा शेजारी सेलच्या गटातल्या) सेलसंख्येच्या तिपटीच्या वर्गमुळाइतकं येतं. सातच्या गटाला ते ४.५८. सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने घटतो असं धरलं आणि सहा शेजारी व्यत्यय आणताहेत असं मानलं, तर सिग्नल आणि व्यत्यय यांचं प्रमाण साडेअठरा डेसिबलच्या थोडं वर येतं. जुन्या अ‍ॅनालॉग फोनला १८ डेसिबल लागायचे, म्हणून तिथे सातचा गट. जीएसएमचं काम साधारण ९ डेसिबलवर भागतं, म्हणून गट चारवर, पुढे तीनवर आणता आला. आता ४.८ मेगाहर्ट्झमध्ये २०० किलोहर्ट्झचे २४ कॅरियर बसतात. चारचा गट, तीन सेक्टर, म्हणजे बाराने भागा, सेक्टरला दोन कॅरियर. वरचे ३२८ ग्राहक इथून येतात. स्पेक्ट्रमपासून ग्राहकापर्यंतची साखळी एवढीच आहे.

सीडीएमएच्या (कॉल कोडने वेगळे ओळखणाऱ्या तंत्राच्या) पिढीत चॅनल मोजायची सोय गेली, कारण सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला गोंगाट असतो. तिथे क्षमता म्हणजे गोंगाट किती वाढू द्यायचा याचा निर्णय. सैद्धांतिक कमाल भाराच्या ५० टक्क्यांवर गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, ७५ टक्क्यांवर ६ ने, ९० टक्क्यांवर १० ने. गोंगाट वाढला की कडेच्या फोनची ताकद अपुरी पडते आणि सेल आक्रसतो. म्हणून तिथे क्षमता आणि व्याप्ती वेगवेगळ्या टेबलांवर बसून काढणारे हमखास फसायचे. आजच्या जाळ्यातही शेजारी सेल भरले की तुमच्या सेलची कड खचते, हे लक्षात असू द्या. लगेच उपयोगी पडणार आहे.

आता तुमचा एलटीई सेल.

१५० एमबीपीएस हा वेग टॉवरजवळच्या, शेजारी शांत असलेल्या, एकट्या फोनचा. फोन आपल्याला सिग्नल कसा मिळतोय हे १ ते १५ च्या सीक्यूआय आकड्याने कळवत असतो. ६४ क्वामपर्यंतच्या (क्वाम म्हणजे सिग्नलवर बिट चढवायची पद्धत) मूळ तक्त्यात १५ ला एका चिन्हामागे (सिम्बॉलमागे) साडेपाच बिट जातात, १ ला ०.१५. म्हणजे सुमारे ३६ पटींचा फरक. तेवढाच डेटा द्यायला कडेच्या फोनसाठी कितीतरी पट तुकडे खर्चावे लागतात.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो, कारण ती मी अनुभवी लोकांच्या अहवालांतही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. समजा तुमच्या सेलमधलं ट्रॅफिक असं वाटलेलं आहे: २० टक्के डेटा अशा ठिकाणी जातो जिथे एकट्याला ८० एमबीपीएस मिळतात, ३० टक्के जिथे ४५ मिळतात, ३० टक्के जिथे २२, आणि उरलेला २० टक्के कडेला, घरांच्या आतल्या खोल्यांत, जिथे जेमतेम ८. सेलची सरासरी किती? बहुतेक जण वजन देऊन बेरीज करतात: १६ अधिक १३.५ अधिक ६.६ अधिक १.६, म्हणजे ३७.७. हे चूक आहे. सेल वेग वाटत नाही, वेळ वाटतो. १ मेगाबिट द्यायला सरासरी किती सेकंद लागतात ते मोजा: ०.२ भागिले ८०, अधिक ०.३ भागिले ४५, अधिक ०.३ भागिले २२, अधिक ०.२ भागिले ८. उत्तर ०.०४७८ सेकंद. त्याचा व्यस्त घेतला की २०.९ एमबीपीएस. सेलची खरी क्षमता ही. ३७.७ आणि २०.९ यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, आणि माहिती तर दोन्हीकडे तीच होती.

आणखी जवळून बघा. त्या ०.०४७८ मधले ०.०२५ एकट्या शेवटच्या गटाचे आहेत. म्हणजे २० टक्के डेटा सेलचा ५२ टक्के वेळ खातो. हे कळलं की सुधारणा कुठे करायची हेही कळतं. कडेच्या गटाचा वेग ८ वरून १२ वर नेला (अँटेनाचा कल दुरुस्त करून, घरात आत पोचणारा कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा त्यांच्यासाठी ठेवून, किंवा शेजारचा अतिरेकी लांब पोचणारा सेल आवरून) तर बेरीज ०.०३९५ होते आणि क्षमता २५ एमबीपीएसच्या वर जाते. एक मेगाहर्ट्झही न वाढवता वीस टक्के क्षमता वाढली. टॉवरजवळच्यांचा वेग ८० वरून १२० केलात तर फक्त ०.०००८ वाचतात, फरक जाणवतही नाही. तरी जाहिरातीत मिरवला जातो तो आकडा टॉवरजवळचाच.

हे ८०, ४५, २२, ८ आणायचे कुठून? चालू जाळं असेल तर काउंटरमधून (सेल आपोआप ठेवतो त्या मोजणीच्या नोंदींमधून) सीक्यूआयची वाटणी मिळते. जाळं नवं असेल तर नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधून. पण शेजारी सेल भरलेले असताना, गर्दीच्या तासातले घ्या. रात्री तीन वाजता गाडी फिरवून केलेल्या चाचणीतले वेग घेतलेत, तर शेजारी गप्प असतानाचं चित्र हातात येतं.

पुढचा प्रश्न: २०.९ पैकी किती वापरायचे? सगळे वापरले तर रांग कधीच संपणार नाही. एलटीईचा शेड्यूलर (तुकड्यांचं वाटप करणारा प्रोग्राम) साधारणपणे सगळ्या चालू डाउनलोडना वेळ वाटून देतो. अशा वाटपाचं एक सुंदर सूत्र आहे: ग्राहकाला जाणवणारा वेग म्हणजे त्याचा एकट्याचा वेग गुणिले सेलचा रिकामा हिस्सा. सेल ७० टक्के भरलेला असेल तर कडेच्या ८ वाल्याला सरासरी २.४ मिळतात, जवळच्या ८० वाल्याला २४. फाइल लहान की मोठी याने या सरासरीत फरक पडत नाही. अर्लांगच्या सूत्राचा जो गुण वर सांगितला तोच इथे पुन्हा भेटतो. तुमची अट कडेलाही २ एमबीपीएसची आहे, म्हणजे भार ७५ टक्क्यांच्या आत हवा. आपण ७० धरू. वापरण्याजोगी क्षमता १४.६ एमबीपीएस.

आता ग्राहकाची भूक. समजा तो महिन्याला १० जीबी वापरतो. दिवसाला ३३३ एमबी. दिवसाच्या वापरातला ७ टक्के गर्दीच्या एका तासात होतो असं धरा: २३.३ एमबी. त्यातला ९० टक्के डाउनलोड: २१ एमबी, म्हणजे १६८ मेगाबिट, भागिले ३६०० सेकंद. सरासरी ४७ केबीपीएस. तुमच्या २ एमबीपीएसच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. २ एमबीपीएस हा डाउनलोड चालू असतानाचा वेग, ४७ केबीपीएस ही तासाभराची सरासरी. तुम्ही भागाकार पहिल्याने केलात, तो दुसऱ्याने करायचा असतो. पहिला वापरायचा तो भाराची मर्यादा ठरवायला.

१४.६ एमबीपीएस भागिले ४७ केबीपीएस: साधारण ३१० ग्राहक.

आणि महिन्याचा वापर १० ऐवजी १ जीबी असता तर? ३१००. तुमच्या ज्येष्ठांचा ३००० हा आकडा अशा वापराच्या काळात अगदी रास्त होता. त्यांना चूक ठरवू नका. फक्त त्या आकड्यामागे किती जीबी होते ते विचारा, आणि आजचे किती ते शेजारी लिहा.

या ३१० पैकी एका क्षणी किती जण खरोखर डेटा ओढत असतात? ७० टक्के भाराला सरासरी ०.७ भागिले ०.३, म्हणजे दोन-तीन. फोन कनेक्टेड मात्र कितीतरी जास्त दिसतील, कारण शेवटचं पॅकेट गेल्यावरही सेल काही सेकंद त्यांना धरून ठेवतो. समजा प्रत्येक फोन सरासरी १०० सेकंदांतून एकदा जागा होतो आणि प्रत्येक वेळी १० सेकंद जोडलेला राहतो: ३१० पैकी ३१ कनेक्टेड. पत्रकातले १२०० यापासून फार दूर आहेत. ती मर्यादा स्टेडियममध्ये किंवा मोठ्या सभेला गाठली जाऊ शकते. रोजच्या सेलमध्ये रेडिओचा वेळ त्याच्या खूप आधी संपतो.

इथवर आपण गृहीत धरलं की अडचण डाउनलोडच्या वेळेचीच आहे. दर वेळी तसं नसतं, आणि जिथे नसतं तिथे वरचं गणित कितीही नीट केलं तरी उत्तर चुकतं. जीएसएमच्या दिवसांतला एक प्रसंग सांगतो. रेल्वे स्टेशनजवळच्या एका सेलवर सकाळी कॉल लागत नाही अशा तक्रारी येत होत्या. तासाचे काउंटर काढले तर बोलायचे चॅनल निम्मेसुद्धा भरलेले नव्हते. कागदावर सेल निवांत होता, म्हणून तक्रारी दोनदा बंद करून टाकल्या होत्या. शेवटी मी फलाटावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, दारं उघडली, आणि हातातल्या चाचणीच्या फोनवर कॉल सुरू होण्याआधीच नाकारला जाऊ लागला. दोन-तीन मिनिटांत सगळं पुन्हा सुरळीत. लोकेशन एरियाची (फोन कुठे आहे हे जाळं ज्या सेलगटावरून लक्षात ठेवतं त्याची) हद्द नेमकी स्टेशनच्या अलीकडे आखलेली होती. गाडीतला प्रत्येक फोन हद्द ओलांडताच ‘मी इथे आलो’ अशी नोंद करायला धावत होता, आणि ती नोंद ज्यावरून होते ते एसडीसीसीएच नावाचे सिग्नलिंगचे चॅनल त्या सेलमध्ये आठच होते. एका नोंदीला चार सेकंद धरले तर आठ चॅनलवर सेकंदाला दोन, मिनिटाला १२० नोंदी. गाडीत माणसं त्याच्या कितीतरी पट. कॉल सुरू करायलाही आधी हाच चॅनल लागतो, त्यामुळे बोलायचे चॅनल रिकामे असून लोक बाहेर उभे.

उपाय पैशांचा नव्हताच. हद्द दोन साईट पलीकडे, जिथे गाड्या थांबत नाहीत आणि वस्ती विरळ आहे, तिथे सरकवली. पण त्या ग्राहकांचे कित्येक महिने आम्ही वाया घालवले होते, ते आजही मनाला लागतं. त्यानंतर मी तासाच्या सरासरीवर कुठल्याच सेलला ‘ठीक’ असा शेरा दिलेला नाही. पंधरा मिनिटांचे काउंटर मिळत असतील तर तेच बघतो.

आजच्या जाळ्यातही असे अरुंद दरवाजे आहेतच. एलटीईत आवाज पॅकेटने जातो. बोलत असताना दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट. पॅकेट चिमुकलं असतं, पण प्रत्येकाला वाटपाचा हुकूम लागतो, आणि हुकूम ज्या नियंत्रण चॅनलवरून जातात तो मोजकाच. समजा मिलिसेकंदाला अपलोडचे पाच हुकूम निघू शकतात. २० मिलिसेकंदांत १००. म्हणजे शंभर जण एकाच वेळी बोलत असले की नियंत्रण चॅनल संपला, डेटाचे तुकडे रिकामे पडलेले असले तरी. एकदाच हुकूम देऊन ठरावीक अंतराने जागा राखून ठेवायची सोय आहे, ती अशा सेलवर चालू करून बघावी.

दुसरा दरवाजा अपलोडचा. फोनची ताकद २०० मिलिवॅट. टॉवरसारखी ती वाढवता येत नाही. रोज ९० टक्के डाउनलोड असतं म्हणून अपलोडकडे दुर्लक्ष खपून जातं. सामन्याच्या मैदानात मात्र हजारो जण एकाच क्षणी व्हिडिओ वर चढवायला लागतात, शेजारी शेजारी बसून एकमेकांचा गोंगाट वाढवतात, आणि सेल अपलोडला कोलमडतो. अशा जागेचा अंदाज काढायचा तर अपलोडचं गणित आधी करा.

५जीबद्दल थोडंच सांगतो, कारण पद्धत तीच आहे. १०० मेगाहर्ट्झ, ३० किलोहर्ट्झ अंतराच्या उपवाहकांवर २७३ पीआरबी. पण टीडीडीत हाच पट्टा दोन्ही दिशांना वेळ वाटून वापरायचा असतो. नेहमीच्या मांडणीत डाउनलोडला पाऊण भागाच्या आसपास वेळ येतो, पूर्ण शंभराने गुणू नका. आणि अनेक अँटेनांनी एकाच तुकड्यावर अनेकांना सेवा द्यायची जी कमाल आहे, ती ग्राहक वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असतील तेव्हाच खुलते. सगळे एकाच इमारतीच्या एकाच बाजूला असतील तर पत्रकातल्या पटी विसरा.

मोजणीतला एक सापळा आवाज आणि डेटा दोन्हीकडे आहे. काउंटर दाखवतो ते पोचलेलं ट्रॅफिक. मागणी तो दाखवत नाही. भरलेल्या सेलमध्ये कॉल परत जातात, लोक पुन्हा पुन्हा लावतात, काही कंटाळून सोडून देतात. व्हिडिओ अडकतो म्हणून लोक बघायचंच थांबवतात. यातलं काहीच काउंटरमध्ये उमटत नाही. कित्येकदा असं पाहिलंय की तुंबलेल्या सेलवर कॅरियर वाढवला आणि पहिल्या आठवड्यातच ट्रॅफिक उसळून वर आलं, आणि अंदाज करणाऱ्यांना वाटलं की वस्तीच वाढली. ती दबलेली मागणी होती. म्हणून भूक किती हे ठरवायला तुंबलेला सेल घेऊ नका. तशाच वस्तीतला, मोकळा असलेला सेल घ्या.

आणि सरासरी ग्राहक, सरासरी सेक्टर यांवर फार विसंबू नका. तीन सेक्टर म्हणजे ३१० गुणिले तीन, ९३० ग्राहकांची साईट, असं लिहावंसं वाटेल. पण एका सेक्टरसमोर दाट वस्ती आणि दुसऱ्यासमोर शेत किंवा पाणी असं असतंच. पहिला गळ्यापर्यंत भरतो तेव्हा दुसरा पंचवीस टक्क्यांवर असतो. नव्या भागासाठी मी साईटची बेरीज सरळ तीनपट न धरता दुपटीपासून सव्वादोनपटीपर्यंत धरतो. शिवाय महिन्याला तीसने भागून काढलेला दिवस हा सरासरी दिवस झाला. सुट्टीचे, सामन्यांचे दिवस त्याच्या वर जातात, त्यासाठी भुकेत आणखी २० ते ३० टक्के घालतो. हे माझे अनुभवाचे आकडे आहेत. तुमच्या जाळ्यातले मोजता आले तर तेच वापरा.

सेल चालू झाल्यावर दोन आठवडे एक काम करा. दर पंधरा मिनिटांचा एक ठिपका: आडवा भार, उभा ग्राहकाला मिळालेला वेग. ठिपके भार वाढेल तसे सरळ रेषेत खाली उतरायला हवेत, कारण वेग रिकाम्या हिश्शाच्या प्रमाणात असतो. ते रेषेच्या खूप खाली पडत असतील तर अडचण रेडिओच्या वेळेची नाही. टॉवरपासून मागे जाणारी लाइन, नियंत्रण चॅनल किंवा अपलोड तपासा. रेषा नीट आहे पण सगळीच खाली सरकली असेल, तर तुमचा कडेचा गट अंदाजापेक्षा मोठा आहे.

तो किती महाग पडतो तेही करून ठेवा. वरच्या वाटणीत कडेचा गट २० ऐवजी ३० टक्के निघाला आणि मधल्या दोन गटांचा वाटा २५-२५ झाला, तर मेगाबिटमागचा वेळ ०.०५६९ सेकंद होतो, क्षमता १७.६ एमबीपीएस, ७० टक्क्यांना १२.३, आणि ३१० ग्राहकांचे २६० होतात. ज्येष्ठांपुढे कागद ठेवाल तेव्हा ३१० आणि २६० दोन्ही लिहा, आणि खाली चार गोष्टी नोंदवा: महिन्याचे जीबी, गर्दीच्या तासाचा वाटा, कडेला हवा असलेला वेग, आणि कडेच्या गटाचं प्रमाण. पुढच्या वर्षी यातली एक जरी बदलली, तरी जो कोणी तो कागद उघडेल त्याला नवा आकडा पाच मिनिटांत काढता येईल.